सासूबाईंनी मला कंपनी बघायला सांगितली

३ डिसेंबर. वर्षभराचा घेवडा उन्हात पसरून निवडायला बसले होते. धाकटा दीर मोबाइल पुढे धरून आला आणि थेट घेवड्यावर उभा राहिला. अर्धं आयुष्य फौजेत काढलेला माणूस, पण पाय कुठे ठेवायचा ते कळत नाही.

"वैनी, ही कंपनी बगा. लय मोटी हाय. सायबांनी ग्रुपवर टाकलीया."

कंपनी राउटर आणि स्विच बनवत होती, म्हणजे इंटरनेटच्या तारा एकमेकांना जोडणाऱ्या पेट्या. साहेब म्हणजे दिराच्या युनिटमधले निवृत्त सुभेदार. ते आता साताऱ्यात बसून माजी सैनिकांना शेअर सुचवतात. दीर स्वतः फौजेच्या सिग्नल तुकडीत होता. डोंगरात तारा ओढल्या म्हणजे तारांचा धंदाही आपल्याला समजतो, अशी त्याची खात्री. मी जन्मभर स्वयंपाक करते, म्हणून गॅस कंपनीचा ताळेबंद कळतो असं मी कधी म्हटलेलं नाही.

पैसे त्याचे असते तर मी मान वर केली नसती. पण ते सासूबाईंचे होते. रस्ता रुंद झाला त्यात त्यांच्या नावची विहिरीकडची जमीन गेली आणि मोबदला त्यांच्या खात्यावर आला. दिराला तो सगळाच्या सगळा या एका शेअरमध्ये घालायचा होता. सासूबाई म्हणाल्या, "थोरलीनं कंपनी बगावी. ती हो म्हनली तर मी सही करते." माझा नवरा उठून गोठ्यात गेला. भावाशी वाईटपणा येण्याची वेळ आली की त्याला तिथे काम निघतं.

मी खताच्या दुकानाचे हिशेब बघते, त्यामुळे ताळेबंदाला मी भीत नाही. कंपनीचा वार्षिक अहवाल मोबाइलवर उतरवून घेतला. सुरुवातीची पानं नुसत्या फोटोंची. एकात फेटेवाला शेतकरी बांधावर लॅपटॉप घेऊन हसत होता. असला शेतकरी मी पाहिलेला नाही, आणि फोटो काढणाऱ्यानेही पाहिलेला नसणार. कामाचं होतं ते मागे, बारीक अक्षरात. विक्री वाढत होती, आणि माल नेऊन पैसे न दिलेल्या गिऱ्हाइकांकडची येणी विक्रीपेक्षा जोरात वाढत होती. मोठं गिऱ्हाईक सरकारी. गावोगाव पेट्या बसवायचं काम.

तसली एक पेटी आमच्या ग्रामपंचायतीत आहे. जाऊन बघितली. रस्त्याच्या कामात जेसीबीने तार तोडली तेव्हापासून ती बंद. ग्रामसेवक स्वतःच्या मोबाइलचं नेट वापरतो आणि पेटीवर जेवणाचा डबा ठेवतो. पण एका पेटीवरून कंपनी ठरत नाही. पेटी बसली, कंपनीचं काम झालं. तिचे पैसे आले का, एवढाच प्रश्न होता.

त्याचं उत्तर शोधताना कंपनीच्या साइटवर एक रेकॉर्डिंग सापडलं. दर तिमाहीला कंपनीचे मालक फोनवर येतात आणि मोठ्या गुंतवणूक संस्थांची माणसं त्यांना प्रश्न विचारतात. माझं इंग्रजी कामापुरतं. थांबवत थांबवत ऐकलं. जो येईल तो आधी अभिनंदन करायचा, मग संधी दिल्याबद्दल आभार मानायचा, मग पुढच्या वर्षी विक्री किती वाढेल ते विचारायचा. मालक म्हणायचे, फार चांगला प्रश्न. शेवटी एकाने चाचरत विचारलं, येणी कधी वसूल होतील? मालक म्हणाले, तपशील आत्ता समोर नाहीत, आपण नंतर वेगळं बोलू. त्याने आभार मानले. पुढच्याने अभिनंदन सुरू केलं.

हे मला नवीन नव्हतं. मी साखर कारखान्याची सभासद आहे. वार्षिक सभेत विषय वाचून व्हायच्या आत पुढच्या रांगेतून "मंजूर, मंजूर" सुरू होतं, आणि ऊसबिल कधी, असं विचारायला कुणी उठला की माइक बंद पडतो. ही मंडळी इंग्रजीत मंजूर म्हणत होती, एवढाच फरक.

संध्याकाळी दिराला ते ऐकवलं.

"ह्यात वंगाळ काय हाय? समदी अभिनंदनच करत्यात की."

"भावजी, कारखान्याच्या सभेत तुमी काय करता?"

"मंजूर म्हन्तो."

"आन् बिल कवा येतं रं?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"आये, तू गप. वैनी, सायबापेक्षा तुमास्नी जास्त कळतंय व्हय?"

"साहेबांनी स्वतः किती शेअर घेतलेत?"

"न्हाई इचारलं."

"का?"

"आवं, सायबाला असं कसं इचारायचं?"

फौज सुटून इतकी वर्षं झाली, सॅल्यूट काही सुटला नाही.

"मग नको म्हनतीस?" सासूबाईंनी मला विचारलं.

"नको."

"बरं," त्या म्हणाल्या आणि ताटं घ्यायला लागल्या. दीर माझ्यावर रुसला. जेवला मात्र, रागाच्या भरात दोन भाकऱ्या जास्तच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना स्कूटीवर मागे बसवून कडेगावला बँकेत नेलं. तिथला अधिकारी विम्याची एक योजना काढून बसला. त्याला म्हटलं, ती मिटवा आणि मुदत ठेवीचा फॉर्म द्या. पैसे ठेवीत टाकले. सासूबाईंच्या खात्याला दिराचा मोबाइल नंबर जोडलेला होता. तो काढून त्यांचा स्वतःचा घालायला लावला, आणि त्यांच्या फोनवर बँकेचा मेसेज येईपर्यंत काउंटरपासून हलले नाही.