घरात फळं होती

“स्कर्व्ही,” डॉक्टर म्हणाले, आणि मला चक्क हसू आलं. तो खलाशांचा रोग, शाळेच्या पुस्तकातला. आमच्या अण्णा नगरच्या चौथ्या मजल्यावर तो कसा चढला?

स्कर्व्ही म्हणजे व्हिटॅमिन सी बरेच महिने पोटात न गेल्याने होणारा आजार. हिरड्या सुजतात, हाडांभोवती रक्त साकळतं. माझा राघव सहा वर्षांचा आणि त्याला चालता येत नव्हतं.

सुरुवात जिन्यापासून झाली. तो “उचलून घे” म्हणू लागला. त्याच्या बाबांना वाटलं, शाळा चुकवायची नाटकं. ब्रशला रक्त दिसलं तेव्हा आम्ही म्हणालो, दुधाचे दात पडत असतील. मग एका सकाळी त्याने पाय जमिनीला टेकवायलाच नकार दिला.

हॉस्पिटलात रक्त तपासलं, एक्स-रे झाला, एमआरआय झाला. हाडांच्या मज्जेत बदल दिसत होते. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, नाही ना हे बघायला बोन मॅरो बायोप्सी, म्हणजे हाडात सुई घालून मज्जा काढायची, असं ठरलं. त्या शब्दानंतर मी जेवले नाही.

पलंगाला नुसता धक्का लागला तरी राघव किंचाळायचा. खोलीची खिडकी उघडत नव्हती. त्याने माझी ओढणी मुठीत धरलेली, त्यामुळे मला बाथरूमलाही जाता येईना. मी खुर्चीत, तो पलंगावर, आणि बाहेर नातेवाइकांचे फोन. पळून जावंसं वाटायचं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटायची.

प्रत्येक डॉक्टर खाण्यापिण्याचं विचारायचे. मी, नवरा, सासूबाई, तिघंही ठणकावून सांगायचो: घरचं शाकाहारी जेवण, रोज भाजी, रोज फळं. खोटं नव्हतं ते. माझं माहेर साताऱ्याचं, सासर तंजावरी, पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं मराठी घर. सासूबाईंच्या देवापुढे रोज फळं लागतातच. शुक्रवारी येणाऱ्या बायकांना विड्याच्या पानांसोबत फळ द्यायचं, उरलेलं कामवाल्या बाईंना. टोपली कधी रिकामी नसायची. त्यातलं आमच्यापैकी कोणी खात नव्हतं, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

बायोप्सीच्या आदल्या दुपारी मोठे डॉक्टर जेवणाच्या वेळी आले. राघवने सांबारातल्या शेवग्याच्या शेंगा, भोपळा, टोमॅटोची सालं, सगळं ताटाच्या कडेला ओळीत लावून ठेवलं होतं आणि सांबाराचं नुसतं पाणी भातावर घेतलं होतं. घरी रोज हेच. डॉक्टरांनी त्याच्या हिरड्या पुन्हा पाहिल्या.

“अम्मा, घरात काय येतं ते नको. काल याच्या तोंडात काय गेलं?”

दहीभात, अप्पलम म्हणजे इथला पापड, दूध, बिस्किटं.

“आणि तुमच्या?”

मी शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात कॉफी आणि चिप्सवर दिवस काढते. सासूबाई सांगतात, त्यांच्या लहानपणी रोज पालेभाजी असायची. आमच्या घरात ती दोन पिढ्यांत केव्हा गेली, त्यांनाही सांगता आलं नाही.

बायोप्सी थांबवली. रक्तातलं व्हिटॅमिन सी तपासलं, ते जवळजवळ नव्हतंच. औषध म्हणजे साध्या गोळ्या. इतक्या साध्या की मला संतापच आला. पण थोड्याच दिवसांत तो भिंत धरून उभा राहिला, आणि मी कॉरिडॉरमध्ये सगळ्यांदेखत रडले.

तुमचं मूल पाय दुखतो म्हणत असेल तर डॉक्टरांकडे जाच. आणि काय आणता ते सांगू नका, ताटात काय उरतं ते बघून जा.

आजार गेला, कोंडी राहिली. आता रोज संध्याकाळी आम्ही दोघं टेबलाशी बसतो. मला स्वतःला पेरू आवडत नाही, तरी मी आधी खाते. तो माझ्या गळ्याकडे बघतो, गिळलं की नाही ते. त्याची फोड अर्धा तास गालात असते. काही संध्याकाळी वाटतं, त्या खोलीतून आम्ही बाहेर आलोच नाही.

काल त्याने ताट ढकललं, खुर्चीवरून उडी मारली आणि पळाला. सासूबाई म्हणाल्या, “अगं, धर त्याला.”

मी उठले नाही. मी त्याला पळताना बघत बसले.