फुकट गेलेली फेरी

माझी बायको इंदू गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोलादपूरच्या अलीकडे रस्त्यात उभा राहून एसटीच्या टायरला शिव्या घालत होतो. टायर पंक्चर, स्टेपनीत हवा नाही आणि माझं तोंड चालू. फोनवर शेजारची पार्वतीवैनी होती. म्हणाली, "भावजी, परसात बसल्या बसल्या मान टाकली हो तिनं… या लवकर." लवकर कसा येणार? हात करून करून दमलो, एक टेम्पो थांबेना. शेवटी मैलाच्या दगडावर बसलो. इंदू बरोबर असती तर तेवढ्या वेळात तिनं निम्म्या गाडीशी सोयरीक काढली असती, कुणाच्या तरी पिशवीतल्या काकड्या कापायला लावल्या असत्या. मी नुसता बसून राहिलो. सात आठवडे झाले त्याला.

माझी शाळा चौथीपर्यंत. नोकरी मैलकुलीची, म्हणजे घाटातले खड्डे भरायचे आणि दरड आली की माती ओढायची. गोड बोलायला कुठं शिकलो नाही. त्यामुळे मेलेल्या माणसाला देवी करायचं काम मला जमणार नाही. इंदू भांडायची. आमटीत मीठ जास्त पडलं तर मरेपर्यंत कबूल करायची नाही. पण एक गोष्ट तिच्यात होती, ती मी दुसऱ्या कुणात बघितली नाही. बिघडलेला दिवस तिला आवडायचा.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी कसल्याशा दाखल्यासाठी आम्ही महाडला गेलो. पहाटे वाडीतून निघालो, डोंगर उतरलो, गाडी धरली, आणि कचेरीला सुट्टी. मी दारावर लाथ घालायच्या बेतात होतो. ती म्हणाली, "लाथ घातलीत तरी आत साहेब नाय. चला." चवदार तळ्याच्या पायरीवर नेऊन बसवलं, भाकरी सोडली आणि म्हणाली, "काम नाय झालं ते नाय झालं. पर येवढी वाट तुडवली, ती रिकामी घरी न्यायची नाय." त्या दिवसापासून तो आमच्या घरचा कायदा झाला. काम झालं तर सरळ घरी, म्हैस वाट बघते. फेरी फुकट गेली तर आजवर बघितलं नाही असं काहीतरी बघायचं, मग घर.

आमच्यासारख्यांची कामं एका फेरीत होत नाहीत, त्यामुळे आमचं पुष्कळ बघून झालं. रिक्षा करून वीर स्टेशनला गेलो आणि नुसती गाडी बघून आलो, चढलो नाही. एकदा कोर्टात मागच्या बाकावर बसून दोन भावांचा बांधाचा खटला ऐकला. साहेबांनी पुढची तारीख दिली. इंदूनं येताना एसटीतच निकाल देऊन टाकला, चूक धाकट्याची, पण वकील थोरल्याचा वाईट.

हे सगळं संध्याकाळी पार्वतीवैनीला सांगायची. वैनीचे गुडघे गेलेत, तिला वाडीची वाट उतरता येत नाही. आम्ही दिसलो की ती दारातून विचारायची, काम झालं? झालं म्हटलं की आपल्या चुलीकडे वळायची. नाही म्हटलं की भिंतीला धरत धरत येऊन आमच्या पायरीवर बसायची. महाड तिनं असंच बघितलं.

गेल्या वर्षी रेशनच्या मशीनवर इंदूचं बोट लागेना. जन्मभर राख, शेण, माती… बोटावरच्या रेघाच पुसून गेलेल्या. महाडला जाऊन आधारचे ठसे नवे करा म्हणाले. चार फेऱ्या झाल्या. एकदा लाईट नाही, एकदा मशीन बंद, दोनदा बोटंच उमटेनात. इंदू म्हणायची, "आता चोरी केली तरी मी सापडायची नाय." चौथ्या फेरीला तिनं ठरवलं, पुढच्या खेपेलाही काम झालं नाही तर हिरकणीवाडीला जायचं आणि पाळण्यातून रायगडावर. रोपवेला ती पाळणा म्हणायची. मी हो म्हणालो. दरडीखाली मी बिनधास्त उभा राहिलोय, पण पाय जमिनीवर पाहिजेत. तारेला लटकायचं नाव काढलं तरी घाम फुटतो. हे तिला सांगितलं नाही. पुरुषासारखा पुरुष, काय सांगणार?

पाचव्या फेरीलाही तेच. मशीनवर बसलेली मुलगी म्हणाली, आजी, पुढच्या महिन्यात या. इंदूचा चेहरा खुलला. पिशवीसुद्धा उचलली तिनं. तेवढ्यात मी पुढं झालो. तिचा डावा हात धरला, करंगळी माझ्या सदऱ्याला पुसून कोरडी केली, काचेवर दाबून धरली आणि मुलीला म्हणालो, अजून एकदा बघ. असं तीनदा केलं. चौथ्यांदा हिरवा दिवा लागला. मी म्हणालो, "काम झालं. सरळ घरी."

गाडी महाडच्या बाहेर पडली तशी इंदूनं पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "भ्यालात ना पाळण्याला?"

"कसला पाळणा? रेशन नको काय गो तुला?"

"रेशन पायजे. पर माझ्या करंगळीवर येवढा जीव कधी लावला नव्हता तुमी."

आणि खिडकीबाहेर बघत हसत बसली. मी मनात म्हटलं, पुढच्या वेळी नेऊ. तिसऱ्या आठवड्यात ती गेली. तिच्या वाटणीचा शेवटचा बिघडलेला दिवस मी दुरुस्त करून टाकला होता…

गेल्या मंगळवारी महाडला गेलो. माझ्या पेन्शनच्या कागदावर वारस म्हणून तिचं नाव आहे, ते काढायचं होतं. खिडकीवरचा माणूस म्हणाला, सिस्टीम बंद आहे, सोमवारी या. शिवी अगदी ओठावर आली. मग वाटलं, बरं झालं, आणखी सहा दिवस राहील नाव. डेपोत आलो आणि रायगडाकडे जाणाऱ्या गाडीत बसलो.

पाळण्यात तिची पिशवी मांडीवर घेतली आणि डोळे गच्च मिटले. पाळणा सुटला तशी पायाखालून जमीन गेली. निम्म्यावर आल्यावर आठवलं, मिटल्या डोळ्यांनी घरी जाऊन सांगायचं काय? उघडले. खाली हिरकणीवाडीची कौलं होती आणि वळत वळत आलेला रस्ता होता. जन्मभर रस्त्यावर वाकून खडी टाकली, पण रस्ता वरून कधी बघितला नव्हता. चांगला दिसतो.

दिवेलागणीला वाडीत पोचलो. पार्वतीवैनी दारात उभी होती. सात आठवडे ती माझ्याशी जेवलात का, याच्यापुढं बोलली नव्हती. माझ्या हातातली इंदूची पिशवी तिनं बघितली.

"भावजी, काम झालं?"

"नाय झालं."

ती भिंतीला धरत धरत आली, आमच्या पायरीवर बसली. इंदूची जागा मोकळी ठेवून बसली.

"मग सांगा."

मी डोळे मिटून घेतले होते, तिथपासून सांगायला सुरुवात केली.