फिलू आत्याची ताटं

आमच्या फिलू आत्याच्या हातून शेजाऱ्याचं ताट रिकामं परत गेलंय, असं कधी झालं नाही. हमीदाचाचीकडून ईदेचा शिरखुर्मा येवो, नाहीतर पाटणकर वहिनींकडून गणपतीचे मोदक, त्या भांड्यात काहीतरी घातल्याशिवाय ती ते उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. घरात काहीच नसलं तर परसातले चार आंबाडे, नाहीतर मूठभर कोकमं. "रिकामं ताट परत पाठवायला आपण काय हॉटेलवाले आहोत?" असं म्हणायची.

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, का ते विचारायची कुणाची टाप नव्हती. रत्नागिरीतलं आमचं घर भावाबहिणींनी, सुनांनी, नातवंडांनी भरलेलं, आणि त्या सगळ्यांवर हिचा हुकूम. गल्फला गेलेले थोरले काका मोठे साहेब असतील तिकडे, इथे नाताळच्या आधी आले की त्यांनाही हाताला तूप लावून कुलकुल, म्हणजे नाताळचे तळलेले गोड शंख, वळायला बसावं लागे. पिठाची गोळी जेवणाच्या काट्याच्या पाठीवर दाबायची आणि अलगद गुंडाळायची, एवढंच काम. पण बापे मंडळींना ते कधी जमलं नाही. "मेल्या, हा कुलकुल आहे की आळी?" असं म्हणून आत्या तो परत पिठात टाकायची.

एकदा धाकटी काकू भीत भीत म्हणाली, यंदा बेकरीतून आणूया का, सगळ्यांनाच दमायला होतं. आत्याने लाटणं खाली ठेवलं. "आणा की. आणि येताना विकतची आत्यापण घेऊन या." त्यानंतर बेकरीचं नाव कुणी काढलं नाही.

नाताळच्या गोठ्याचंही तेच. चर्चमध्ये नवे आलेले फादर सांगत होते, हल्ली प्लास्टरचा तयार गोठा मिळतो, सुबक असतो, सगळे तोच घेतात. आत्या जांभ्याचे तुकडे रचून गोठा करायची, वर पेंढा, पुढे उगवलेली नाचणी. फादरांना तिने तोंडावर सांगितलं, "फादर, आमचा येशू चिऱ्याच्याच घरात जन्माला येणार. त्याला रत्नागिरीत राहायचंय." फादर हसले आणि चहा प्यायला लागले. बाई हट्टी होतीच, पण मला तो हट्ट फार आवडायचा, आजही आवडतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आत्या गेली. आजार कळला तेव्हाच फार उशीर झाला होता. हॉस्पिटलातसुद्धा तिला एकच घोर होता. "मी नसले की हे लोक नाताळ गुंडाळून ठेवतील, बघ तू," ती मला म्हणाली. मी म्हटलं, "कायतरीच काय गो आत्या." पण तिचंच खरं होतं.

घरात दुखवटा असला की आमच्यात त्या वर्षी दारावर नाताळचा तारा लागत नाही, कढई चढत नाही. थोरल्या काकांनी सगळ्यांना बसवून सांगून टाकलं, "यंदा नाताळ नाही. आणि पुढच्या वर्षापासून ज्याने त्याने आपापल्या घरी करावा. फिलूशिवाय हे कोण निभावणार?" मला असा संताप आला! पण काकांपुढे बोलणार कोण?

नाताळच्या सकाळी आम्ही चर्चमधल्या मिसाहून आलो तर दारात हमीदाचाची उभी. हातात वाफवलेल्या गोड सांदणांचं ताट. मागोमाग पाटणकर वहिनी, नारळाच्या वड्या घेऊन. काकांनी दोन्ही ताटं आत नेली, डोळे पुसले, आणि ती रिकामी करून आणली. चाचीने हात मागे घेतले.

"ही नाय घेणार मी," ती म्हणाली. "फिलूने हॉस्पिटलात बोलावून सांगितलंन होतं. ताटं घेऊन जा, आणि रिकामी दिली तर घेऊ नका. रिकामं ताट तुमच्या घरातून जात नाय ना?"

"चाची, अहो दुखवट्यात तळण कसं करणार?" काका म्हणाले.

"ते तुमचं तुम्ही बघा. मी बसते. मला घाई नाय." आणि ती खरंच आत्याच्या खुर्चीत बसली. वहिनी तिच्या शेजारी.

काका ताटं हातात धरून तसेच उभे होते. मी स्वयंपाकघरात गेले आणि मैदा काढला. मला कुणी अडवलं नाही. थोड्या वेळाने काकू आल्या, पोरं आली, आणि सगळ्यात शेवटी काका हाताला तूप लावून टेबलाशी बसले. त्यांनी वळलेला पहिला कुलकुल मी उचलून बघितला. "काका, हा कुलकुल आहे की आळी?" ते हसायला गेले आणि हुंदके देऊन रडले. मग तो मोडून परत वळायला लागले.

पहिला घाणा निघाल्यावर काकांनी स्वतः शिडी लावून तारा बांधला. दुखवट्यात कढई चढवली म्हणून नातेवाइकांत अजून कुजबुज चालते. चालू दे. चाचीचं आणि वहिनींचं ताट आमच्याकडून भरून गेलं.