पाठवणीची पिकअप

माझी पाठवणी चारदा झाली. पहिल्या तिन्ही वेळा मी मनापासून रडले, चौथ्यांदा मात्र डोकंच फिरलं.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. सहाला कर्फ्यू लागायचा होता. त्याआधी परळच्या आमच्या चाळीतून मला गिरगावात सासरी पोचायचं होतं, नाहीतर अख्खं वऱ्हाड आमच्या एका खोलीत मुक्कामाला. टॅक्सीवाले येईनात, म्हणून नवऱ्याच्या मामांनी त्यांची सोड्याच्या बाटल्या वाहणारी पिकअप आणली. लष्कराने मोडीत काढलेली, बॉनेट सुतळीने बांधलेलं.

आईच्या गळ्यात पडून रडले आणि खिडकीशी जाऊन बसले. मामांनी हँडल मारलं. गाडी खोकली नि गप्प. मामांना सीटखालचा पान्हा हवा होता, म्हणून मला उतरवलं; मग तो परत ठेवायला पुन्हा उतरवलं. उतरल्यावर परत चढायचं, म्हणजे परत रडणं आलं. तिसऱ्या खेपेला शेजारणींनी नुसतंच नाक ओढलं. त्यांना घरी स्वयंपाक होता.

"दृष्ट लागली गो गाडीला," म्हणत आत्याने तांब्याभर पाणी ओवाळलं आणि सगळं बॉनेटवरच ओतलं. तोवर गाडी नुसती रुसली होती, आता पार बसली.

माझे बाबा लालबागला मोटारींच्या कारखान्यात फिटर. ते नळापाशी हाताची घडी घालून उभे. आवाजावरूनच त्यांना सगळं कळलं होतं. पण मुलीच्या बापाने वरपक्षाच्या गाडीत खोट काढायची कशी? इकडे मामा घामाने निथळत सांगत होते, "ही कधी दगा देत नाही हो." नवरा मुंडावळ्या सावरत बसलेला. काडीचा उपयोग नाही.

सव्वापाच झाले. बाबा खिडकीशी आले, माझ्या डोक्यावर हात ठेवून कानाशी वाकले. बायकांनी पुन्हा पदर डोळ्यांना लावले. बाबा कुजबुजले, "बाय, डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात पाणी गेलंय, ठिणगी पडत नाही. आतून कोरडं पूस. तू आता त्यांच्यातली, तुला चालतं."

फिटरची लेक मी, झाकण कुठलं ते ठाऊक होतं. उतरले. शालू खोचला, सुतळी सोडली, झाकण काढलं आणि पदराने आतून खसखसून पुसलं. सासूबाईंकडे बघायची हिंमत झाली नाही. झाकण बसवलं, बॉनेट पुन्हा बांधलं आणि म्हटलं, "मामा, मारा आता हँडल." लग्न होऊन चार तास झाले होते, तरी आवाज चढलाच.

गाडी धडधडली. "आता थांबवायची नाही, बंद पडेल," म्हणत मामांनी आत उडी मारली, कुणीतरी मला आत कोंबलं आणि आम्ही निघालो.

आणि मग माझ्या लक्षात आलं, बाबांच्या गळ्यात मी पडलेच नव्हते. गाडी इतक्यात हलत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते आपलं रडणं राखून उभे राहिले होते. आता ते गाडीच्या बाजूने धावत होते. ओठ हलत होते, काहीतरी सांगायचं होतं त्यांना. खिडकीशी आले आणि ओरडले ते एवढंच, "मामा, चोक आत ढकला, चोक!"

मामांनी ढकलला. इंजिनाचं अडखळणं थांबलं, गाडीने झकास वेग घेतला आणि बाबा मागे राहिले.