चिकटलेली पानं

हे मी आमच्या ह्यांनाही सांगितलेलं नाही. आणि ते म्हणतात, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही! हा एक तीळ मात्र इतकी वर्षं भिजत पडलाय.

मी सातपूरच्या एका शाळेत वाचनाची बाई होते. म्हणजे काय — ज्यांना वाचता येत नाही ती मुलं वर्गातून आणायची, व्हरांड्यात सतरंजीवर बसवायची आणि शेजारी मांडी घालून अक्षर अक्षर लावून घ्यायचं. कंटाळा यायचा हो. खोटं कशाला बोलू?

मग वरून ठरलं, वाचनाच्या बायांनी आता मुलांजवळ बसायचं नाही, शिक्षकांना शिकवायचं. फिरतं काम, मानाची खुर्ची. पण आधी साहेबांपुढे आपण शिकवलेलं मूल वाचून दाखवायला बसवायचं. मला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की — थांबा, सांगते.

खरंच वाचायला लागलेली एक-दोन मुलं होती, पण ती अडखळायची, पुटपुटायची. मी निवडली रूपाली. तिसरीतली, आवाज खणखणीत. साहेब आले. ओळीखाली बोट धरून ती बाजारात हरवलेल्या बकरीचा धडा वाचू लागली. पान उलटताना दोन पानं चिकटून एकदम उलटली. आणि रूपाली वाचतेच आहे! समोर नसलेल्या ओळी, एकही न चुकता. बोट बकरी सापडल्याच्या चित्राखाली, आणि तोंडाने अजून शोधाशोध चाललेली.

तिला वाचता येत नव्हतं. धडा पाठ होता. हे फक्त मला दिसलं, कारण शेजारी फक्त मी होते. आश्चर्य वाटलं म्हणू? कुठल्या तोंडाने? तोच धडा तिच्याकडून रोज म्हणून घेत होतं कोण — मीच ना?

मी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. मला काम मिळालं आणि रूपालीची सतरंजी सुटली — तिला वाचता येतं हे आता साहेबांनीच पाहिलं होतं. तिची आई, कंपनीत पॅकिंगला जायची, चिवड्याचा पुडा घेऊन आली. "मॅडम, माझी पोरगी वाचाया लागली. लय उपकार झाले." मी पुडा घेतला. खाल्लासुद्धा. लाज कशी वाटली नाही मला?

परवा एका शाळेत आयांच्या मेळाव्याला गेले होते. मुलांना घरी वाचून कसं दाखवायचं, हे मी हल्ली आयांना सांगत फिरते. हो, मी! एकेकीला गोष्टीचं पुस्तक द्यायचं, चार ओळी वाचून घ्यायच्या. दुसऱ्या रांगेत रूपाली होती, मांडीवर पहिलीतली लेक. मला ओळखून हसली. तिची पाळी आली. पुस्तक माशाचं. तिने ओळीखाली बोट धरलं, आणि त्याच खणखणीत आवाजात —

"आठवड्याचा बाजार भरला होता. गर्दीत बकरी दिसेना..."

लेकीने चित्राकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. "आई, यात बकरी कुठंय?"

रूपालीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या शेजारी सतरंजीवर जागा होती. मला बसता आलं असतं.

मी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या बाईंना पुस्तक उघडायला सांगितलं.