उषाबाईंनी मोजलेला गाळ

आमखेडी ग्रामपंचायतीच्या सचिव उषा महाजन यांना गोड बोलता येत नाही, असं गाव म्हणतं, आणि त्यात काही खोटं नाही. बावीस वर्षं नोकरी झाली, पण अर्धवट कागद त्यांच्या टेबलावर कधी दोन मिनिटं टिकला नाही. "सही नाही, तारीख नाही, आणि पैसे तेवढे हवेत?" हे ज्यानं ऐकलं नाही असा माणूस फोपनारपासून आमखेडीपर्यंत सापडायचा नाही.

टाळेबंदीच्या उन्हाळ्यात बुऱ्हाणपुरातले कापडाचे लूम बंद पडले आणि तिथं पोट भरणारी आमखेडीची साठेक माणसं बोचकी घेऊन गावी परतली. इकडे केळीला ट्रक मिळत नव्हता. घड झाडावरच पिवळे पडले, मग काळे. शेतातल्या रोजच्या मजुरांनाच काम नाही, तिथं या साठांना कोण विचारणार? पंचायतीच्या खात्यात मात्र विकासाचे सहा लाख पडून होते, आणि सरपंच सुकलालभाऊंना त्यातून गावाच्या तोंडाशी कमान बांधायची होती.

"कमान असली की गावाला जरा शोभा येते," सुकलालभाऊ म्हणाले.

"आणि गावाच्या पोटाचं काय? तळ्यातला गाळ काढू. हातानं. जेसीबी आणलीत तर माझी सही मिळणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

सुकलालभाऊ दोन दिवस रुसले. पण ग्रामसभेत लूमवाल्यांच्या बायका पहिल्या रांगेत येऊन बसल्या आणि ठराव तळ्याचाच झाला.

सरकारी खोदकामाचा नियम सरळ आहे: जेवढं खोदाल तेवढी मजुरी. खोली कळावी म्हणून खड्ड्यात मधूनमधून मातीचे खांब न खोदता तसेच सोडायचे. आठवडा संपला की इंजिनियर येतो, खांबांची उंची मोजतो, आणि त्या मापावर पैसे निघतात.

शनिवारी पंकज नावाचा तरुण इंजिनियर मोटरसायकलवरून आला. उषाबाई त्याला घेऊन काठावर गेल्या आणि जागीच थांबल्या. खड्डा साफ होता. खांब एकही नव्हता.

"मातीचे खांब कुठं गेले?"

"कोणते? ती मधली टेंगळं?" मालूबाई पदरानं घाम पुसत वर आली. शहरात तिनं तीस वर्षं लूमवर सुताच्या कांड्या भरल्या होत्या, आणि साठांची पुढारी आता तीच होती. "काढून टाकली वं ताई! किती वंगाळ दिसत होती. कापडात गाठ राहिली की सेठ पैसे कापतो. आम्ही काय अर्धं काम टाकून जाणाऱ्यातले आहोत का?"

साठ जण कौतुकाची वाट बघत उभे होते. चूक मालूबाईची नव्हती. खांब कशाला असतात हे उषाबाईंनी कुणाला सांगितलंच नव्हतं. त्यात सांगायचं काय, असं त्यांना वाटलं होतं.

"मॅडम, अब मैं नापूं क्या? हवा?" पंकज हळूच म्हणाला. "अंदाजे लिहिलं तर माझी नोकरी जाईल."

"आणि नाही लिहिलं तर साठ घरांचा आठवडा जाईल. जरा विचार करू द्या."

विचार करायला फार वेळ लागला नाही. गाळ काही हवेत उडाला नव्हता. केळीच्या वावरात घालायला लोकांनी तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून फुकट नेला होता. ट्रॉल्या मोजल्या की गाळाचं माप निघत होतं.

"लोक खरं सांगतील?" पंकजनं विचारलं.

"सोमवारी या. सांगतील."

रविवारी उषाबाई दारोदार फिरल्या. कुणी सांगितलं दोन ट्रॉल्या, कुणी तीन. एक जण म्हणाला, "ट्रॉली? आमच्या वावरात?" बेरीज झाली चौऱ्याऐंशी. एवढ्यात निम्मी मजुरीही निघत नव्हती. सगळ्यांना एकच भीती: पंचायत मागाहून गाळाचे पैसे लावेल. सुकलालभाऊंनी तर नऊचा आकडा सांगितला. परतताना उषाबाई वाट वाकडी करून त्यांच्या बांधावर जाऊन आल्या.

सोमवारी सकाळी पंचायतीच्या ओट्यावर गाव जमलं. पंकज वही उघडून बसला होता.

"सुकलालभाऊ, किती ट्रॉल्या?"

"सांगितलं ना, नऊ."

"काल तुमच्या बांधावर उभी होते मी. नऊ ट्रॉल्यांत दीड एकर काळं झालंय. ट्रॉली होती की आगगाडी?"

ओटा हसला. सुकलालभाऊंचे कान लाल झाले. उषाबाईंनी त्यांच्यापुढे कागद सरकवला. "गाळाचा एक पैसा पंचायत कुणाकडून घेणार नाही, असं यात लिहिलंय. माझी सही झाली, तुमची राहिली. करा, आणि मग आकडा सांगा. खाली साठ माणसं बसलीत भाऊ. त्यांच्या तोंडाकडे बघून सांगा."

सुकलालभाऊंनी खाली पाहिलं. मालूबाई त्यांच्याकडेच टक लावून बघत होती. त्यांनी कागद दोनदा वाचला, सही केली, घसा साफ केला.

"एक्केचाळीस."

"अरे बाप रे!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि मग जो तो पुढे आला. माझ्या अकरा लिहा, माझ्या सोळा. ट्रॉली आमच्या वावरात आलीच नाही म्हणणाऱ्याच्या चौदा निघाल्या. बेरीज दोनशे एकतीस.

पंकजनं चार वावरांत जाऊन ढीग मोजून पाहिले. आकडे खरे होते. "पण खोदलेली माती फुगते मॅडम. चौथा हिस्सा वजा करावा लागेल."

"पाचवा. हा चिकट गाळ आहे, वाळू नाही. मुठीत घेऊन बघा."

त्यानं खरंच मूठभर गाळ घेतला, दाबला, आणि पाचवा हिस्सा लिहिला.

सरकारी दराच्या एकशे नव्वदाच्या जागी माणशी रोज एकशे अठ्ठ्याहत्तर रुपये पडले. बाराव्या दिवशी फोन वाजायला लागले, पैसे जमा झाल्याचे. उषाबाई तळ्यावर आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "माणशी रोजचे बारा रुपये गेले ते माझ्यामुळे. मी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

"एकशे अठ्ठ्याहत्तर आले की नाही?" मालूबाई म्हणाली. "मग काय तोंड पाडून उभ्या राहता? किराणावाल्यानं आज मला बोलावून चहा पाजला. खात्यात अजून किती आहेत ते सांगा."

"पाऊस येईपर्यंत पुरतील एवढे."

"मग दाखवा पुढची जागा."

उषाबाईंनी चुन्यानं रेघा मारल्या, चार खांबांच्या जागा आखल्या, आणि साठांना गोल उभं करून पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. पुरा अर्धा तास. सगळ्यांनी मान डोलावली, तरी त्यांनी एकेकाला पुन्हा विचारून घेतलं. मग मालूबाईनं पदर खोचला आणि पहिली कुदळ मारली, खांबापासून चांगलं हातभर लांब.