नवव्या भागात अडकलेय

मंडळी, माझं मत तुम्हाला पाठ आहे: फॅन्टसी कादंबरी तीन भागांत संपली नाही, तर समजा लेखकाला ती संपवायचीच नाहीये. तरी मी स्वतः एका मालिकेच्या नवव्या भागात अडकलेय. हीरो पहिल्या भागात घर सोडून निघाला, तो अजून परत पोचत नाहीये!

आज जेवणं झाल्यावर वैतागून मी पुस्तक सोफ्यावर आपटलं. नवरा म्हणाला, "एवढा त्रास होतोय तर सोडून दे ना."

"आठ भाग वाचलेत, आता कसं सोडू? पुढच्या भागात पोचेल तो घरी. नक्की."

आमची तेरा वर्षांची लेक मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, यू साउंड लाइक बाबा. नेक्स्ट इयर वी आर गोइंग बॅक टू पुणे. नक्की."

नवऱ्याने उठून एसी वाढवला.

शारजाला आम्ही दोन वर्षांसाठी म्हणून आलो होतो. लेक त्यानंतर जन्मली.

मी दहावा भाग मागवलाय. खरं सांगा, तुमचा कितवा चालू आहे?